आडव्या झाडांचा हिशेब

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, मधले झोत १२० पर्यंत. संध्याकाळपर्यंत श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आंबा-काजूच्या बागा जमीनदोस्त झाल्या होत्या. रोठा सुपारी ही ज्या श्रीवर्धनची ओळख, तिथे पोफळीच्या रांगाच्या रांगा कुठे मुळासकट उपटल्या, कुठे मधूनच मोडल्या. उडालेले पत्रे, वाकलेले विजेचे खांब, रस्त्यात पडलेली झाडं यांची छायाचित्रं पुष्कळ छापून आली. त्या झाडांचं पुढे काय झालं, हे मात्र वाडीवाल्यांपलीकडे फार कोणी विचारलं नाही.

हे पुस्तक त्या पुढच्या कामाबद्दल आहे: पडलेलं झाड तोडायचं कसं, त्यातलं सरपण कोणतं आणि इमारती लाकूड कोणतं हे ओळखायचं कसं, ओंडका वखारीपर्यंत न्यायचा कसा, त्याच्या फळ्या काढून त्या सुकवायच्या कशा. वरवर पाहता हे करवत-कुऱ्हाडीचं तंत्र आहे. प्रत्यक्षात त्यात वनस्पतिशास्त्र आहे, यंत्रं आहेत, कायदा आहे, आणि या सगळ्यांवर सत्ता गाजवणारं कॅलेंडर आहे.

सागाची फळी होते आणि आंब्याचं सरपण, म्हणजे झाडाची जातच त्याचं नशीब ठरवते, असा एक समज असतो. जातीचा वाटा मोठा आहेच. पण वादळानंतर पडलेल्या झाडाचं मोल तेवढ्यावर ठरत नाही. वीज कधी येते, पंचनामा कधी होतो, ओंडका रस्त्यापर्यंत जातो की नाही, पहिला काप कुठे पडतो, या गोष्टी पहिल्या काही आठवड्यांत निकाल लावून टाकतात. फणसाचा दारं-खिडक्यांना योग्य असा बुंधा दोन-दोन फुटांचे तुकडे होऊन न्हाणीच्या चुलीत जातो तो याच आठवड्यांत. पुस्तकभर हाच मुद्दा वेगवेगळ्या बाजूंनी येत राहील.

२०२० च्या जूनमध्ये तर सगळ्याच अडचणी एकदम आल्या. गावोगावी महावितरणचे खांब पडलेले, कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नाही. वखारीतली पट्टा करवत चालते ती तीन फेजच्या विजेवर, त्यामुळे ओंडका दारात आणून टाकला तरी चिरायला यंत्र बंद. कोविडच्या टाळेबंदीमुळे बाहेरून मजूर येणं कठीण, मात्र मुंबईहून गावी परतलेले चाकरमानी घरोघर होते. अनेक वाड्यांत पहिली वाट मोकळी केली ती त्यांच्याच हातांनी, घरातल्या कोयत्या-कुऱ्हाडींनी. वादळानंतर जेमतेम आठवडा गेला आणि मोसमी पाऊस कोकणात पोचला. म्हणजे लाकूड सुकवायला लागणारं ऊन थेट दिवाळीनंतर.

कोकणच्या वाडीची रचनाही या कामाच्या आड येते. जांभ्याचे गडगे, उतरत्या पाखाड्या, दोन घरांमधली हातभर वाट. तिथे जेसीबी शिरत नाही आणि क्रेनचा तर प्रश्नच नाही. ओल्या आंब्याचा दोन फूट जाडीचा, दहा फूट लांबीचा ओंडका पाऊण टनाच्या पुढे जातो. तो खांद्यावर निघत नाही, म्हणून जागेवरच त्याचे तुकडे पडतात. वखारवाल्याला सरळ, लांब ओंडका हवा असतो आणि वाडीवाल्याला उचलता येईल एवढा तुकडा. या दोन गरजांचा मेळ बसला नाही की तुळईचं सरपण होतं. ओंडका चेनब्लॉकने ओढून, गोल वाशांवरून सरकवत नेण्याची जुनी युक्ती ज्या गावांत अजून माहीत आहे, तिथे हा तोटा कमी होतो.

लाकूड बिघडतं ते मुख्यतः बुरशीमुळे आणि किड्यांमुळे. दोघांनाही ओलावा लागतो, हवा लागते आणि लाकडात साठलेलं पिठूळ, गोड अन्न लागतं. हे अन्न सालीलगतच्या फिकट लाकडात जास्त असतं. आतल्या गाभ्यात ते कमी आणि त्याऐवजी बुरशीला मारक अशी द्रव्यं जास्त. साग, फणस, खैर यांचा गाभा म्हणूनच टिकतो. आंब्यात असा टिकाऊ गाभा जवळजवळ नसतो. पावसात पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर काही आठवड्यांत निळसर-काळे डाग दिसू लागतात. फळी मजबूत असली तरी तिचा भाव पडतो, आणि त्यानंतर येतात भुसा पाडणारे बारीक भुंगेरे. सागाच्या मालकाला वर्षभर थांबता येतं, आंब्याच्या मालकाला नाही. विरोधाभास असा की पडलेल्या सागाकडेच सगळे आधी धावतात.

माड आणि पोफळ यांचा हिशेब आणखी वेगळा. ही ताडकुळातली झाडं. त्यांच्या खोडात वर्षागणिक वाढणारी वलयं नसतात आणि गाभा बाहेरच्या भागापेक्षा मऊ असतो. साग-फणसाच्या अगदी उलट. जुन्या माडाची बाहेरची काही इंच जाडी वाशाला, खांबाला उत्तम. आतलं लाकूड भुसभुशीत. वखारीतला नेहमीचा कारागीर ओंडका मधोमध धरून चिरायला घेतो आणि माडाच्या बाबतीत नेमका निकामी भाग हाती येतो. माड कडेकडेने चिरावा लागतो. पोफळीचं खोड अंगणातल्या मांडवाच्या खांबाला आणि पाण्याच्या पन्हळीला पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, पण एका वाडीत शेकडो पोफळी एकदम पडल्यावर एवढे मांडव कोण घालणार?

आणि त्या तिथेच पडू द्याव्यात म्हटलं तर तेही परवडत नाही. कुजत्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या त्या कुजक्या लाकडावर पोसतात आणि भुंगे बाहेर पडून उभ्या राहिलेल्या माडांचे कोवळे कोंब पोखरतात. तिथे झालेल्या जखमांतून पुढे सोंड्या भुंगा शिरतो आणि तो माड मारूनच थांबतो. वादळातून वाचलेली झाडं वाचवायची तर पडलेली हलवणं भाग असतं. नवा माड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात हे लक्षात घेतलं, की ही घाई कशासाठी ते कळतं.

पडलेलं झाड तोडणं हे उभं झाड पाडण्यापेक्षा अनेकदा जास्त धोक्याचं असतं. उभ्या झाडाचं वजन कुठे आहे ते दिसतं. आडव्या झाडात ते ताणाच्या रूपाने दडलेलं असतं. दोन टोकांना टेकलेल्या बुंध्याची वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. वरून सरळ काप घातला तर फट मिटते आणि करवत अडकते. एक टोक अधांतरी असेल तर हेच उलटं होतं. म्हणून आधी दाबाच्या बाजूला उथळ काप, मग ताणाच्या बाजूने पुरा. वाकून अडकलेली फांदी सुटली तर माणसाला उडवू शकते. मुळासकट पडलेल्या झाडाचा बुंधा कापून वेगळा झाला, की मुळांचा मातीसकटचा प्रचंड गड्डा उंदराच्या सापळ्यासारखा फटकन मिटून आपल्या खड्ड्यात परत बसतो. त्या खड्ड्याजवळ मुलं खेळत असतील किंवा कोणी मुळं तोडायला उतरलं असेल, तर पळायलाही वेळ मिळत नाही.

या कामाचं आजचं मुख्य हत्यार म्हणजे चेनसॉ. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी करवत बनवली, ती इतकी जड होती की चालवायला दोन माणसं लागत. तीन वर्षांनी पेट्रोलवरची आली. साखळीचे दात मात्र साध्या करवतीसारखेच होते आणि लवकर बोथट होत. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स या लाकूडतोड्याने बुंध्यात बिळं पाडणारी एक अळी न्याहाळली. तिचे जबडे लाकूड डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे कुरतडत होते. त्यावरून त्याने आलटूनपालटून डाव्या-उजव्या वळणाचे, तासून काढणारे दात असलेली साखळी तयार केली आणि १९४७ मध्ये ती विकायला काढली. आज कोकणातल्या कुठल्याही बाजारपेठेत मिळणाऱ्या चेनसॉची साखळी त्याच घराण्यातली. पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला टेकली की पातं उसळून तोंडाकडे येतं, हा दोषही तेव्हापासून तिच्या सोबत आहे. जाड बूट, मांड्यांना संरक्षक पट्टी, डोक्यावर हेल्मेट ही साधनं करवतीच्या किमतीत धरायची असतात. आपल्याकडे सहसा ती धरली जात नाहीत.

सरपणाचा भाग सोपा वाटतो, पण तिथेही पाण्याशीच गाठ आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. चुलीतली बरीचशी उष्णता ते पाणी उकळून घालवण्यातच जाते. बाकी राहतो धूर आणि भांड्यांवर चिकट काजळी. वाऱ्यावर सुकून पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं, की तेच लाकूड स्वच्छ जळतं. साल हा ओलाव्याचा बांध असतो, म्हणून ओंडका ओला असतानाच फोडून ठेवावा. ओला असताना तो फुटतोही सहज. कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीत फाटी पडवीत किंवा माचावर, जमिनीपासून उंच रचून ठेवतात त्याचं कारणही हेच. निसर्ग आलं तेव्हा घरोघरची आगोट उरकत आली होती. छप्पर उडालं आणि वर्षभराची कोरडी फाटी भिजली. दारात झाडांचा ढीग, आणि चुलीत घालायला कोरडं लाकूड नाही, असा तो पावसाळा गेला.

वखारीतली गोष्ट मिलिमीटरांची आहे. करवत लाकूड कापते तेव्हा स्वतःच्या जाडीएवढा भुसा करते. एक इंची फळ्या काढायच्या तर सहा मिलिमीटर जाडीच्या गोल करवतीत साधारण पाचवा हिस्सा भुशात जातो. अडीच मिलिमीटरच्या पट्टा करवतीत अकरावा हिस्सा. त्याशिवाय गोल ओंडक्याच्या कडेची सालपटं जातात ती वेगळीच. म्हणून घनफुटाच्या भावाने विकलेल्या ओंडक्यातून निम्मं लाकूड हाती आलं तरी वखारवाला समाधानी असतो. परसातल्या झाडाबद्दल मात्र तो कायम साशंक. कपडे वाळत घालायची तार, जुना खिळा, कधी काळी ठोकलेली कडी, हे सगळं झाडाने गिळून टाकलेलं असतं आणि एका खिळ्याने पट्ट्याचे दात जातात. परसातला उत्तम फणस काही वखारी घेतच नाहीत, त्यामागे हे साधं कारण असतं.

फळी निघाली म्हणजे काम संपलं असं नाही. लाकूड सुकताना आकसतं, आणि सगळीकडे सारखं आकसत नाही. वलयांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या सुमारे निम्मंच ते आतून बाहेरच्या दिशेने आकसतं. बाक, पिळा आणि तडे यातूनच येतात. उपाय जुना आहे: फळ्यांच्या मध्ये सारख्या अंतरावर, एकाखाली एक येतील अशा रिपा ठेवून सावलीत थप्पी लावायची, वर वजन ठेवायचं आणि फळ्यांची टोकं रंगाने किंवा मेणाने बंद करायची. टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निघून जातं आणि तडे तिथूनच सुरू होतात. थप्पी थेट उन्हात ठेवण्याची हौस महागात पडते.

वादळी लाकूड टिकवायचं कसं, याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेच्या ईशान्येकडचं आहे. २१ सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळाने न्यू इंग्लंडमध्ये अडीच अब्ज बोर्डफुटांहून अधिक लाकूड आडवं केलं, त्यातलं बरंचसं पाइनचं. एवढं चिरायला करवती नव्हत्या आणि विकायला बाजार नव्हता. ते रानात पडू दिलं तर उन्हाळ्यात वणवे पेटणार, ही भीतीही होती. सरकारने खास यंत्रणा उभारून मालकांकडून ओंडके विकत घेतले आणि मोठ्या संख्येने तळ्यांत ढकलले. पाण्याने पुरत्या भरलेल्या लाकडात हवा नसते, म्हणून बुरशी वाढत नाही आणि भुंग्यांनाही थारा मिळत नाही. ओंडके वर्षानुवर्षं चांगले राहिले. पुढे महायुद्ध आलं, लाकडाला एकदम मागणी आली आणि पुरुष सैन्यात गेले. तेव्हा १९४२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या कॉनकॉर्डजवळ टर्की पाँड या तळ्याकाठी सरकारी वनखात्याने स्त्रियांनी चालवलेली आरागिरणी सुरू केली. चार वर्षं पाण्यात राहिलेले ओंडके त्यांनी चिरले. आपल्याकडे बांबू पाण्यात मुरवून वापरायची रीत आहेच. तिथे ती एका अख्ख्या प्रदेशाच्या पातळीवर राबवली गेली, एवढाच फरक.

स्वीडनने २००५ मध्ये पाण्याचाच दुसरा प्रकार वापरला. ८ जानेवारीच्या ‘गुडरुन’ वादळाने तिथे सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड पाडलं, म्हणजे जवळपास देशाच्या वर्षभराच्या तोडीएवढं. ब्यूहोल्मा इथल्या एका जुन्या धावपट्टीवर दहा लाख घनमीटरच्या आसपास ओंडके रचून त्यांवर पाण्याचे फवारे चालू ठेवले गेले. जे लाकूड रानातच राहिलं, त्यात साल पोखरणारे भुंगे वाढले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी उभी झाडंही मारली.

कोकणाला जवळचं उदाहरण फिलिपिन्सचं. ८ नोव्हेंबर २०१३ च्या ‘हैयान’ वादळात तिथल्या सुमारे ३ कोटी ३० लाख माडांना फटका बसला. घरं गेलेली, पत्रे उडालेले, आणि वासे-फळ्यांसाठी लागणारं लाकूड मात्र डोळ्यांसमोर पडलेलं. त्या देशात माडाच्या लाकडावर अनेक वर्षं संशोधन झालेलं असल्याने कडेकडेने चिरायचं ज्ञान तयार होतं. अडलं ते चेनसॉवर. २००२ च्या एका कायद्याने तिथे चेनसॉ बाळगायलाही नोंदणी लागते. जंगलतोड रोखायला केलेला नियम वादळानंतरच्या कामाला जड जातो, हा अनुभव त्यांच्यापुरता नाही.

महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा अशी झाडं आहेत. खासगी जमिनीवरही ती तोडायला परवानगी लागते. गोव्याचा वृक्षसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा १९८४ चा. लाकूड रस्त्यावर आलं की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखालचे वाहतुकीचे नियम लागू होतात. वखारींवर १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशापासून कडक नजर आहे, आणि नव्या आरागिरण्या सहजासहजी निघत नाहीत. या नियमांनी कोकणातल्या खासगी रानांचं काही प्रमाणात रक्षण केलं, हे नाकारता येत नाही. घाटावर जळाऊ लाकूड नेणारे ट्रक पाहणाऱ्या कोणालाही ते पटेल. पण नाक्यावर उभ्या असलेल्या वनरक्षकापुढे एकच प्रश्न असतो: हे झाड पडलेलं की पाडलेलं? ओंडक्याकडे पाहून ते सांगता येत नाही. कागदच ते सांगतो, आणि वादळानंतरच्या आठवड्यांत कागद तयार करणारे तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक घरांच्या पंचनाम्यांत गुंतलेले असतात. निसर्गनंतर फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, मदत जाहीर झाली. ती मिळावी म्हणून पंचनामा होईपर्यंत झाडं न हलवण्याकडे बागायतदारांचा कल राहिला, तर लाकूड वाचवायचं म्हणजे ती ताबडतोब हलवायला हवी होती.

या पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रम म्हणूनच जरा वेगळा वाटेल. सुरुवात करवतीने होत नाही. पहिलं प्रकरण छायाचित्रं, मोजमाप आणि पंचनाम्याचं आहे: प्रत्येक बुंध्याचा घेर कसा मोजावा, मुळांचा गड्डा छायाचित्रात का यावा, त्यावरून झाड वाऱ्याने उपटलं हे कसं सिद्ध होतं. दुसऱ्यात अर्धी मुळं धरून असलेली लहान कलमं ओळखून, छाटून, आधार देऊन पुन्हा उभी करण्याची माहिती आहे, कारण तोडायला निघालेले हात अशी झाडंही तोडून टाकतात. मग येतात सुरक्षित तोड, ओंडके पाडण्याची मापं, वाडीतून ओढून काढण्याच्या पद्धती, माडाची चिराई, फळ्यांची थप्पी आणि सरपणाची साठवण.

शेवटी ग्रामपंचायतीने आधीच भरून ठेवायचा एक तक्ता दिला आहे. ‘तौक्ते’ वादळ २०२१ मध्ये मेच्या मध्यालाच सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्याला घासत वर गेलं, त्यामुळे तो भरण्याची मुदत एप्रिलअखेर धरली आहे. तक्त्यात सात रकाने आहेत: तालुक्यातल्या परवानाधारक वखारी आणि त्यांपैकी जनरेटर असलेल्या, गावातले प्रशिक्षित चेनसॉ चालवणारे, चेनब्लॉक आणि दोरखंड कोणाकडे आहेत, वाडीतून रस्त्यापर्यंत ओंडका निघेल अशा वाटा, ओंडके बुडवून ठेवता येतील अशी तळी किंवा खाणींचे खड्डे, थप्पी लावायला छप्पर असलेली जागा, आणि वाहतूक परवान्यासाठी वनविभागात कोणाशी बोलायचं, त्या अधिकाऱ्याचं पद आणि कार्यालय.